मॉझरचं दुसरं आयुष्य

हिरव्या बनातीवर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही जर्मन, दोन्ही मॉझर ९८-के, आणि दोन्हींच्या पोलादावर एकच शिक्का: ‘बीवायएफ ४४’. बीवायएफ हा ओबर्नडॉर्फच्या मॉझर कारखान्याचा युद्धकाळातला सांकेतिक शिक्का आणि ४४ म्हणजे १९४४ साल. एकीचा लाकडी दस्ता पुढच्या कड्याखाली आडवा कापून पुन्हा जोडलेला होता. दुसरीला दस्ताच नव्हता. तिची नळी तोंडाकडून करवतीने आखूड केलेली, वरच्या बाजूला ग्राइंडरचे ओरखडे, आणि बोल्टची मूठ वेल्डिंग करून तिरपी डकवलेली.

“यातल्या एकीचं मी शिकारी रायफलीत रूपांतर करणार आहे आणि दुसरीला हात लावणार नाही,” कारागीर म्हणाले. “कुठली ते सांगा.”

पहिल्या रायफलीचा इतिहास त्या कापलेल्या दस्त्यातच होता. युरोपातलं युद्ध संपल्यावर अमेरिकी सैनिकांना शत्रूची हत्यारं आठवण म्हणून घरी नेता येत होती. वरिष्ठांच्या सहीचा कागद सोबत असला की झालं. पण रायफल लांब आणि सैनिकाची कापडी पिशवी आखूड. मग दस्ता कड्याखाली कापायचा, तुकडे पिशवीत भरायचे आणि घरी पोचल्यावर जोडायचे. कडं पुन्हा चढवलं की जोड झाकला जातो. असा काप असलेली रायफल कुणाच्या तरी आजोबांनी स्वतः आणलेली असते. कारागीर तिला हात लावणार नव्हते. दुसरीचं पन्नाससाठ वर्षांपूर्वी कुणीतरी घरच्या घरी जे वाटोळं केलं होतं ते निस्तरून तिला नवं रूप द्यायचं काम त्यांनी घेतलं होतं.

‘युद्ध संपल्यावर’ हा लेखाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हा मला स्मारकं आणि दफनभूमी सुचल्या नाहीत. पेनसिल्व्हेनियात इतकी वर्षं राहून एक गोष्ट रोज दिसत आली आहे: गेल्या शतकातल्या दोन महायुद्धांची हत्यारं इथल्या घराघरांतल्या कपाटांत आहेत आणि त्यांतली कित्येक दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला बाहेर पडतात. इथे शिकारीचा मोसम हा सणासारखा असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तो सुरू व्हायचा आणि त्या दिवशी अनेक गावांतल्या शाळांना सुट्टी असायची. २०१९पासून तो शनिवारी सुरू होतो. हरणासाठी या राज्यात सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. त्यामुळे हाताने बोल्ट ओढायची जुन्या धाटणीची रायफल इथे आजही रोजच्या कामाची वस्तू आहे. लष्करी रायफलीची शिकारी रायफल कशी होते ते पाहायला मी या कार्यशाळेत जाऊ लागलो. कारागिरांनी एकच अट घातली, आपलं नाव छापायचं नाही. ती पाळली आहे.

दार बंद ठेवण्याचं यंत्र

रायफलीचं लाकूड, नळी, दुर्बीण असं सगळं काढून टाकलं की उरते ती ॲक्शन. रिसीव्हर नावाचं पोलादी घर आणि त्यात पुढेमागे सरकणारा बोल्ट. काडतूस पुढे ढकलायचं, मागचं दार घट्ट लावायचं, फायरिंग पिनचा आघात करायचा, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकायची, ही कामं ॲक्शनची. यातलं दार लावण्याचं काम सगळ्यांत जोखमीचं. बार उडतो त्या क्षणी चेंबरमधला दाब चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या आसपास जातो, आणि नेम धरणाऱ्याचा डोळा त्या दारापासून वीतभर अंतरावर असतो.

जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारलेल्या पाउल मॉझर यांच्या रचनेत हे दार वाड्याच्या अडसरासारखं लागतं. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम लग आहेत. मूठ खाली दाबली की ते फिरून रिसीव्हरमधल्या खाचांत अडकतात. मागे आणखी एक तिसरा लग असतो. तो एरवी कशालाच टेकत नाही. पुढचे दोन दगा देतील त्या दिवसासाठी तो ठेवलेला आहे. काडतुसाची टोपी फुटून वायू मागे आलाच तर त्याला वळवण्यासाठी बोल्टला भोकं आहेत, आणि त्यातूनही सुटलेला वायू थोपवायला मागच्या टोपणाला रुंद कड आहे. म्हणजे बिघाड होणारच असं धरून, तो झाल्यावर माणूस कसा वाचेल याचा विचार आधी केलेला.

शिकाऱ्यांना मात्र या रचनेतली दुसरीच गोष्ट प्रिय आहे. बोल्टच्या अंगालगत एक लांब स्प्रिंगची पट्टी असते आणि तिच्या टोकाला आकडा. मॅगझिनमधून काडतूस वर येतं तेव्हाच हा आकडा त्याच्या बुडाची कड पकडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धवट ढकलून मागे ओढला तरी तेच काडतूस परत येतं, दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत. कारागिरांनी लाकडाची डमी काडतुसं भरून, रायफल उलटी धरून, बोल्ट सावकाश चालवून दाखवला. एकही खाली पडलं नाही. “समोर अस्वल असताना याची किंमत कळते,” ते म्हणाले.

म्हणूनच लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीसारख्या नामवंत बंदूककारांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओबर्नडॉर्फहून मॉझरच्या ॲक्शन मागवून त्यांवर शिकारी रायफली बांधल्या. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली जी रायफल बक्षीस मिळाली ती पॉइंट २७५ रिग्बी याच घराण्यातली. त्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. बक्षिसाची चांदीची पट्टी त्या रायफलीच्या दस्त्यावर आहे, आणि २०१५ साली ती रायफल पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली. पॉइंट २७५ रिग्बी हे इंग्रजी नाव; काडतूस मात्र मॉझरचंच, सात बाय सत्तावन्न. रिग्बीच्या ॲक्शन नव्या कोऱ्या होत्या. सैन्याने टाकून दिलेल्या रायफलीतून तसंच काही घडवायचं, ही पुढची गोष्ट.

रूझवेल्टपासून टपालाच्या रायफलीपर्यंत

१८९८च्या जुलैमध्ये क्यूबातल्या सान हुआन टेकड्यांवर अमेरिकी सैन्याला स्पॅनिश सैनिकांच्या सात मिलिमीटर मॉझरचा सामना करावा लागला आणि आपल्या क्राग रायफली कमी पडतात हे त्यांना कळून चुकलं. त्यातून १९०३ची स्प्रिंगफील्ड रायफल आली. ती मॉझरच्या इतकी जवळ जाणारी होती की अमेरिकी सरकारने मॉझर कंपनीला दोन लाख डॉलर स्वामित्वधन मोजलं. त्या टेकड्यांवर लढलेले थिओडोर रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि पद सोडल्यावर १९०९ साली आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांच्यासोबत शिकारीसाठी घडवलेली स्प्रिंगफील्ड होती. त्यांचं प्रवासवर्णन वाचून न्यूयॉर्कचे एक फर्निचर कारागीर, सीमोर ग्रिफिन, यांनी स्वतःच्या स्प्रिंगफील्डला दस्ता करून घातला. लोकांनी तसाच दस्ता मागायला सुरुवात केली, आणि १९२३ साली जेम्स हाव यांच्यासोबत ग्रिफिन अँड हाव ही पेढी उभी राहिली. लष्करी ॲक्शनवरची अमेरिकी शिकारी रायफल अशी सुताराच्या हातून प्रतिष्ठेला पोचली.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. ९८-के या एकट्या प्रकारच्याच एक कोटी चाळीस लाखांहून अधिक रायफली तयार झालेल्या; त्यांत भर चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनोतल्या, बेल्जियमच्या एफएनच्या, स्वीडिश, अर्जेंटिनाच्या, शिवाय ब्रिटिश ली-एन्फील्ड. युरोपातल्या सैन्यांना त्या नकोशा झाल्या. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात सॅम कमिंग्ज यांच्या कंपनीची गोदामं अशा मालाने भरलेली असत. मासिकांत जाहिराती यायच्या, पैसे पाठवले की टपालाने रायफल घरी. मिसुरी राज्यातल्या वॉर्सॉ नावाच्या छोट्या गावात फायन आणि बिशप या दोन कारखान्यांचा धंदा अर्धवट कोरलेले दस्ते देशभर पाठवण्यावर चालत होता. कारखान्यातून सुटलेला कामगार तळघरात, कानस आणि करवत घेऊन, रविवारी आपली शिकारी रायफल बनवत असे. महागडी नवी रायफल न परवडणाऱ्या माणसाला त्यातून चांगलं हत्यार मिळालं, हे मान्यच केलं पाहिजे. नुकसान काय झालं ते पुढे सांगतो.

हे पर्व जिच्यामुळे संपलं ती रायफलही टपालानेच आली होती. शिकागोच्या एका दुकानाने दुर्बिणीसह १९.९५ डॉलरला जाहिरात केलेली इटालियन कार्कानो ली हार्वे ओसवाल्डने खोट्या नावाने मागवली आणि १९६३ साली केनेडींची हत्या झाली. १९६८च्या कायद्याने टपालाची विक्री थांबली आणि लष्करी जुन्या मालाची आयातही. जुन्या, संग्राह्य रायफलींना १९८४नंतर वाट मोकळी झाली, पण तळघरातल्या कारागिरीचा तो काळ परत आला नाही.

आधी पोलादाची परीक्षा

कार्यशाळेतलं पहिलं काम तासन् तास चालतं आणि बघणाऱ्याला त्यात काहीच घडताना दिसत नाही. कारागीर रिसीव्हर दिव्याखाली धरतात, दंतवैद्याच्या आरशासारखा छोटा आरसा आत घालतात आणि बोल्टचे लग जिथे टेकतात त्या जागा न्याहाळतात. तिथे पुसटशी जरी पायरी पडलेली दिसली, तरी ॲक्शन बाद. पायरी पडली म्हणजे पोलाद मऊ आहे, प्रत्येक बाराने लग थोडेथोडे मागे रेटले गेले आहेत. डोळ्यांना दिसलं नाही तर मुठीला कळतं: बोल्ट उघडताना मूठ सुरुवातीलाच जड लागते, कारण लगांनी स्वतःपुरता खड्डा केलेला असतो.

जुन्या मॉझरचं पोलाद कमी कार्बनचं. वरच्या पृष्ठभागाला कठीण कवच आणि आत चिवट गाभा, अशी त्याची रचना. कवच झीज सोसतं, गाभा आघात. हौशी माणूस चमक आणायला ग्राइंडर लावतो तेव्हा तो हे कवचच काढून टाकतो. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांतल्या रायफलींवर कारागिरांचा विश्वास नाही, कारण तेव्हा कारखाने बॉम्बवर्षावात घाईघाईने चालत होते. ते रॉकवेल यंत्रावर ठिकठिकाणी कठीणपणा मोजतात आणि आकडे वहीत लिहितात. माझ्यासमोर त्यांनी एक ॲक्शन बाजूला ठेवली. गिऱ्हाईक ती घेऊन आनंदात आलं होतं. “परत न्या आणि भिंतीवर लावा, पण बार काढू नका,” एवढं सांगून त्यांनी कामाचे पैसे घेतले नाहीत.

या परीक्षेचं मोल सांगायला ते स्प्रिंगफील्डचंच उदाहरण देतात. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातल्या ८,००,००० क्रमांकाखालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ क्रमांकाखालच्या १९०३ रायफलींचे रिसीव्हर ठिसूळ निघू शकतात, असं पहिल्या महायुद्धाच्या काळात लक्षात आलं. भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून त्याला पाणी द्यायची पद्धत होती, आणि रंग ठरवायचा तो अनुभवी कामगाराने, नुसत्या डोळ्याने. पण ढगाळ दिवशी जो लाल दिसतो तो उन्हाच्या दिवशी वेगळा दिसतो. उन्हात काम करणाऱ्याने लोखंड गरजेपेक्षा जास्त तापवलं, आणि काही रिसीव्हर बार उडताना काचेसारखे फुटले. त्यानंतर भट्ट्यांना तापमापक बसले. शंभर वर्षं उलटली तरी त्या क्रमांकांखालच्या रायफलीवर कारागीर काम घेत नाहीत.

नळी, मूठ, चाप

नळी काढणं हे ताकदीचं काम. ऐंशी वर्षांचा गंज आणि घट्ट बसलेले आटे. नळी ओकच्या लाकडात आवळून धरतात, रिसीव्हरला बेताने बनवलेला पाना लावतात, आधी काही दिवस तेल मुरू देतात. मॉझरच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीचा. जर्मन कारखान्यात इंग्रजी आटे हे वाचून आश्चर्य वाटेल, पण नवी नळी लेथवर कातताना हा कोन चुकला की ती बसतच नाही.

दस्ता नसलेल्या त्या दुसऱ्या रायफलीच्या गिऱ्हाइकाने काडतूस निवडलं सात बाय सत्तावन्न. कॉर्बेटच्या रायफलीचं काडतूस ते हेच. थर्टी-ऑट-सिक्स घेतलं असतं तर मॅगझिनची पेटी थोडी लांबवावी लागली असती. हे मात्र जसंच्या तसं बसतं, बोल्टचं तोंडही बदलावं लागत नाही. चेंबर कातून झाल्यावर दोन गेज लावून पाहतात. एका गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि दुसऱ्यावर होताच कामा नये. दोहोंतला फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा. पहिल्यावर बंद झाला नाही तर काडतूस शिरणार नाही. दुसऱ्यावर बंद झाला तर पुंगळी ताणून फाटेल. मधे जी जागा उरते तीच रायफलीची सुरक्षितता.

मग मूठ. लष्करी मूठ उचलली की वरच्या दुर्बिणीला आपटते, म्हणून ती खाली वळवलेली हवी. पूर्वीच्या कुणीतरी इथेच घात केला होता. जुनी कापून नवी टिग वेल्डिंगने जोडली जाते, आणि त्या वेळी बोल्टच्या पोटात तांब्याचा सळ घालतात, बाहेरून उष्णता शोषणारी लुगदी लावतात, म्हणजे पुढच्या लगांचं पाणी उतरत नाही. मागच्या पंखासारखा सेफ्टीचा खटकाही दुर्बिणीखाली फिरत नाही. त्याच्याजागी बाजूला सरकणारा तीन थांब्यांचा खटका आला. सैन्याचा चाप दोन टप्प्यांत दाबावा लागतो, कारण थंडीत हातमोजे घातलेल्या शिपायाकडून तो चुकून दाबला जाऊ नये. शिकाऱ्याला एकदाच, स्वच्छ सुटणारा हवा. हे भाग बाजारात तयार मिळतात, आणि कारागीर ते मनापासून वापरतात. सगळं हातानेच झालं पाहिजे असा त्यांचा हट्ट नाही.

अक्रोड आणि काजळी

हट्ट आहे तो लाकडाबाबत. कार्यशाळेच्या मागच्या खोलीत अक्रोडाच्या फळ्या उभ्या रचलेल्या आहेत. प्रत्येकीवर पेन्सिलने तारखा आणि वजनं: एकाखाली एक, उतरत जाणारे आकडे. फळी वाळते तशी हलकी होते. वर्षांमागून वर्षं वजन घटत राहतं आणि मग एका आकड्यावर थांबतं. ते थांबल्याशिवाय फळीला पटाशी लागत नाही. ओलसर लाकडाचा दस्ता पावसाळी हवेत फुगतो, कोरड्यात आक्रसतो, आणि तो नळीला एका बाजूने ढकलू लागला की नेम भरकटतो.

त्यांच्या आवडीचं लाकूड अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाचं नाही. ते जुग्लान्स रेजियाच्या, आपल्याकडे काश्मीरमध्ये वाढतो त्याच जातीच्या, झाडाची फळी निवडतात. फळी निवडताना ते नक्षीवर भाळत नाहीत. दस्त्याचा सगळ्यांत बारीक भाग म्हणजे मुठीची जागा. तिथे धागे सरळ आणि लांबट गेले पाहिजेत, नाहीतर धक्क्याने तिथेच तडकतो. नक्षी असायचीच तर मागे, खांद्याला टेकणाऱ्या रुंद भागात.

मग सुरू होतो तो खेळ ज्यासाठी मी परत परत गेलो. पोलादी ॲक्शनच्या तळाला काजळी आणि तेलाचा पातळ थर लावायचा, ती लाकडातल्या खाचेत हलकेच बसवायची, एकदा दाबायची आणि काढायची. लाकडाला जिथे काळा ठिपका लागला तिथे पोलाद टेकतं आहे. तेवढाच ठिपका पटाशीने तासायचा. कागदापेक्षा पातळ कपचा निघतो. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं, पुन्हा ठिपके. सुरुवातीला तीनचार ठिपके दिसतात, दुपारपर्यंत तिसेक, दिवस कलताना संपूर्ण तळ बारीक काळ्या ठिपक्यांनी भरून जातो, म्हणजे पोलाद सगळीकडे टेकलं. ॲक्शनच्या पुढच्या भागाखाली एक जाड आडवा दात असतो. बार उडताना मागे येणारा सगळा धक्का हा दात लाकडात उतरवतो. त्याचा मागचा चेहरा लाकडाला पूर्ण भिडला पाहिजे, बाजूंनी मात्र किंचित मोकळा. या एका दाताला त्यांनी जेवढा वेळ दिला तेवढा दुसऱ्या कशालाच नाही. त्या वेळी ते बोलत नव्हते, मीही प्रश्न विचारले नाहीत.

आजकाल या ठिकाणी इपॉक्सी ओततात आणि ते काम चांगलंच होतं. कारागीरही दाताच्या मागे थोडी ओततात. “काजळीने बसवलं की मला माहीत असतं कुठे टेकतंय. ओतलं की मी ते मानून चालतो,” ते म्हणाले. शेवटी मुठीवर आणि पुढच्या पकडीवर चेकरिंग. इंचात चोवीस रेषा, एकेक हाताने ओढलेली, तिरप्या रेषा एकमेकींना छेदून हिऱ्याच्या आकाराची टोकं उभी राहतात. चेकरिंगमुळे ओल्या हातातून रायफल निसटत नाही.

गंजाचा रंग

पोलाद काळंनिळं करण्याची जी पद्धत इथे वापरतात ती ऐकून आपल्याकडच्या लोहाराचाही विश्वास बसणार नाही: ते मुद्दाम गंज चढवतात. नळी घासून एकसारखी केली, तेलाचा अंश धुऊन काढला, हातमोजे घातले, कारण बोटाचा एक ठसा पुढे कायमचा डाग होतो. मग आम्लातलं लोहयुक्त पातळ द्रावण कापसाने, एकाच दिशेने, न परतवता फिरवलं. दमट कपाटात ठेवलेली ती नळी काही तासांनी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर नारिंगी, मखमली गंजाचा एकसारखा थर होता. तशीच ती उकळत्या शुद्ध पाण्याच्या लांब टाकीत उतरवली. बघता बघता नारिंगी रंग काळा झाला. उकळण्याने लाल ऑक्साइडचं काळं मॅग्नेटाइट होतं, आणि ते पोलादाला घट्ट धरून बसतं. वर सैल राहिलेली काळी पूड अत्यंत मऊ तारेच्या ब्रशने झाडली की खाली धुरकट करडा थर दिसतो. पुन्हा द्रावण, पुन्हा कपाट, पुन्हा उकळी. प्रत्येक फेरीला करडा गडद होत जातो. सहासात फेऱ्यांनी तो खोल, मंद, निळसर काळा होतो आणि प्रकाश त्यावरून चमकून परत येत नाही. जंगलात हे महत्त्वाचं. गरम क्षारांच्या टाकीत हेच काम अर्ध्या तासात उरकतं, पण ते चकाकतं.

ईशापूर आणि खडकी

हे सगळं अमेरिकेतलं, पण आपला संबंध जितका वाटतो त्याहून जवळचा आहे. ब्रिटिशांनी भारतात सैन्याचं पॉइंट ३०३ काडतूस नागरिकांना मना केलं, कारण ते बंडखोरांच्या हाती लागू नये. मग ईशापूरच्या रायफल कारखान्याने लष्करी ली-एन्फील्डच्या ॲक्शनवरच नागरी रायफल बांधली, पॉइंट ३१५ची. तिचं काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मानलिखरचं, म्हणजे बुडाची कड ३०३च्या जवळची, बोल्टला चालणारी, पण सैन्याची गोळी तिच्यात बसत नाही. अशी रायफल आजही तयार होते. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं बुडावरच्या ‘केएफ’ अक्षरांनी ओळखतात; खडकीत तो कारखाना १८६९पासून आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत आजोबांची जी ‘तीनशे पंधरा’ होती ती हीच. लष्करी ॲक्शनची शिकारी रायफल आपल्याकडे तळघरात हौशी माणसाने बनवली नाही, ती कारखान्यानेच बनवली.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार थांबली आणि ती थांबायलाच हवी होती. अमेरिकेत हरणांची संख्या भरमसाठ आहे आणि सरकारी वन्यजीव खातं मोसम ठरवून ती आटोक्यात ठेवतं. आपल्या जंगलांची स्थिती तशी नव्हती आणि नाही. भारतात परवान्याशिवाय रायफल बनवणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, हे या लेखाच्या वाचकाने नीट लक्षात ठेवावं. कार्यशाळेत पाहिलेलं काम घरी करून पाहण्याचं नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका परवान्यावरच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, वारसाहक्काची हत्यारंही त्यात धरली गेली, आणि अनेक जुन्या रायफली पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक दुकानांत जमा झाल्या.

काय कापू नये

त्या कार्यशाळेतून बाहेर पडताना माझं मत पक्कं झालं. नवी कारखान्यातली रायफल आज काही शे डॉलरला मिळते आणि ती नेमात जुनीपेक्षा कमी नाही. जुन्या ॲक्शनवर हाताने बांधलेली रायफल काही हजारांना जाते. हा व्यवहार पैशांत बसत नाही, आणि त्याला तसं बसवूही नये. इथे गिऱ्हाईक कारागिराचा वेळ विकत घेतं. पण अखंड, अस्सल लष्करी रायफल त्यासाठी कापू नये. पन्नास-साठच्या दशकांत हजारो निरोगी रायफली अशा कापल्या गेल्या, कारण तेव्हा त्या स्वस्त होत्या आणि पुढेही मिळत राहतील असं वाटत होतं. आज न कापलेली, मूळ क्रमांक जुळणारी ९८-के कापून बनवलेल्या बहुतेक रायफलींपेक्षा महाग आहे, आणि पैशांचं सोडलं तरी तिच्यावरचे शिक्के, ओरखडे, दस्त्यातला तो पिशवीचा काप ही लिहिलेल्या कागदाइतकीच खरी साक्ष आहे. कारागिरांनी आता अखंड रायफलींचं काम घेणं बंद केलं आहे. ज्या आधीच कुणी बिघडवल्या, ज्यांचा इतिहास आधीच पुसला गेला, त्यांनाच ते दुसरं आयुष्य देतात, आणि अशा अमेरिकेत अजून भरपूर आहेत.

आपल्याकडच्या घरांत परवान्याची जुनी रायफल असेल, किंवा ती जमा करायची वेळ आली असेल, तर एवढं करा: जमा करण्याआधी तिच्या प्रत्येक शिक्क्याचा जवळून फोटो काढा, क्रमांक वहीत लिहा, आणि ती कुणी, कुठून, कधी आणली हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारून त्याच वहीत उतरवून ठेवा. तिला पॉलिश करू नका, काही बदलू नका. परवाना वारसाच्या नावे करायचा असेल तर अर्ज वेळेत द्या, आणि तोवर ती कायद्याप्रमाणे ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात ठेवून लेखी पोच घ्या.